खांदा धरण्याआधी त्याची नोंद: कारखान्यात स्नायू-सांध्यांच्या दुखण्यांवर लक्ष कसं ठेवायचं

प्रेस शॉपमध्ये बोट चिरलं तर दहा मिनिटांत अपघात नोंदवहीत ओळ पडते. पॅकिंगवरच्या बाईचा खांदा सहा महिने दुखत राहतो, मग ती काम सोडते, आणि कारखान्याच्या कागदावर एवढंच उरतं: 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा'. कारण उघड आहे. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत सूचनीय, म्हणजे सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या, रोगांची यादी होती; त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तशीच यादी आहे. तिच्यात शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे, आवाजाने येणारं बहिरेपण आहे. कंबर, खांदा, मनगट यांचे विकार नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2010 च्या सुधारित व्यावसायिक रोगांच्या यादीत मात्र स्नायू-सांध्यांचे विकार स्वतंत्र गट म्हणून आहेत: कार्पल टनेल (मनगटात नस दबणं), मनगटाच्या कंडराआवरणाची सूज, कोपराचा एपिकॉन्डिलायटिस (कंडरेचं दुखणं), गुडघ्याचा बर्सायटिस (सांध्याजवळच्या पिशवीची सूज). आपल्याकडे बाहेरून कोणी ही मोजणी मागत नाही, त्यामुळे ती पद्धत कारखान्याने स्वतःच उभी करावी लागते.

हा लेख वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या 100 ते 150 माणसांच्या युनिटसाठी आहे: प्रेस, असेंब्ली, तपासणी, पॅकिंग, लोडिंग. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीत असा शॉप सापडेल. सुरक्षा अधिकारी, कारखान्याचा डॉक्टर आणि मनुष्यबळ विभागातला एक माणूस मिळून हे काम करू शकतात. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा: मोजणी स्टेशनची, म्हणजे कामाच्या जागेची आहे, माणसाची नाही. 'कोणाचं दुखतं' ही यादी लाइनवर फिरली की पुढच्या वेळी कोणाचंच काही दुखत नाही.

केस कशाला म्हणायचं

व्याख्या आधी ठरवा, लिहा आणि वर्षभर बदलू नका. तीन पातळ्या पुरतात.

पहिली पातळी: गेल्या 7 दिवसांत शरीराच्या एखाद्या भागात दुखणं, आखडणं, मुंग्या किंवा बधिरपणा, आणि 0 ते 10 च्या मोजपट्टीवर त्याची तीव्रता 4 किंवा जास्त.
दुसरी पातळी: गेल्या 12 महिन्यांत त्या त्रासामुळे रजा घ्यावी लागली, काम बदलून मागावं लागलं, किंवा नेहमीचं काम जमलं नाही.
तिसरी पातळी: डॉक्टरने तपासून निदान केलेला विकार.

पहिली पातळी म्हणजे आगाऊ इशारा. बहुतेक ठिकाणी फक्त तिसरी मोजली जाते, आणि तोवर मनगटाची नस दबून अंगठ्याच्या मुळाचा स्नायू झडायला लागलेला असतो.

मोजणीत ठेकेदाराची माणसं, ट्रेनी, लोडिंगचे हमाल आणि सफाईवाले हवेतच. जड आणि एकसुरी काम बहुधा त्यांच्याच वाट्याला येतं. फक्त कायम कामगार मोजले तर अहवाल स्वच्छ दिसेल, पण खोटा असेल.

आधी घरातल्या नोंदी बघा

प्रश्नावली छापण्यापूर्वी मागच्या 12 महिन्यांचे कागद काढा. राज्य विमा दवाखान्याचे रजेचे दाखले, प्रथमोपचार खोलीची नोंदवही, गैरहजेरी, स्टेशन किंवा शिफ्ट बदलून मागणारे अर्ज, राजीनामे. प्रत्येक नोंदीसमोर व्यक्तीचं नाव न लिहिता स्टेशन, शिफ्ट आणि महिना लिहा.

यातली एक नोंद फार बोलकी असते आणि कोणी बघत नाही: वेदनाशामक स्प्रे, मलम आणि गोळ्यांचा खप. कोणत्या लाइनवरून माणसं येऊन स्प्रे मारून जातात ते प्रथमोपचार खोलीतल्या माणसाला तोंडपाठ असतं. त्याला स्टेशनच्या रकान्यात फक्त एक रेघ मारायला सांगा. नाव नको, सही नको. महिन्याभरात तक्ता तयार होतो.

या नोंदींची मर्यादाही ओळखून ठेवा. बुडालेला दिवस परवडत नाही म्हणून माणूस रजा घेत नाही, बाहेरच्या दुकानातून गोळी घेऊन उभा राहतो. त्यामुळे रजेचे आकडे कमी दिसले म्हणून समाधान मानू नये.

प्रश्नावली: कोणती, कधी, कोणी विचारायची

जगभर सर्वात जास्त वापरली जाते ती 1987 साली प्रसिद्ध झालेली नॉर्डिक प्रश्नावली. शरीराचे 9 भाग: मान, खांदे, कोपरं, मनगट आणि हात, पाठीचा वरचा भाग, कंबर, नितंब-मांड्या, गुडघे, घोटे-पावलं. प्रत्येक भागासाठी तीन प्रश्न: गेल्या 12 महिन्यांत त्रास झाला का, त्यामुळे घरचं किंवा कामावरचं नेहमीचं काम अडलं का, गेल्या 7 दिवसांत त्रास होता का. सोबत मागून काढलेली शरीराची आकृती असते. अवयवांच्या नावांत गोंधळ होतो तिथे माणूस आकृतीवर बोट ठेवतो आणि प्रश्न सुटतो. खांदा म्हणताना पुष्कळ जण मानेच्या मुळाशी हात नेतात, म्हणून आकृती प्रत्येकाला दाखवाच.

तिला पुढचे प्रश्न जोडा: तीव्रता 0 ते 10, डावी बाजू की उजवी, या स्टेशनवर किती महिने, याआधी कुठलं स्टेशन, गेल्या आठवड्यात ओव्हरटाइम किती तास, गेल्या 7 दिवसांत दुखण्यासाठी गोळी किंवा इंजेक्शन घेतलं का. गोळीचा प्रश्न वगळू नका. उजवा खांदा 3 वर सांगणारा माणूस रोज दोन गोळ्या घेत असेल तर तो 3 खरा नाही. शिवाय उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये, पाणी कमी पिऊन वेदनाशामक गोळ्या घेत राहणं मूत्रपिंडाला घातक असतं, आणि ही माहिती डॉक्टरला वेळेवर मिळायला हवी.

घरकाम, पाणी भरणं, शेती, दुचाकीचा रोजचा प्रवास हेही विचारा, पण त्याचा उपयोग नीट करा. 'ती घरीही भांडी घासते' म्हणून मनगटाची तक्रार निकालात काढणं सोपं असतं. घरकाम सगळ्याच बायकांना आहे. तरी एकाच स्टेशनवरच्या बायकांची मनगटं दुखत असतील तर स्टेशनकडेच बघायला हवं.

भाषा माणसाची हवी. 'वेदना' या शब्दाला नाही म्हणणारा 'खांदा भरून येतो का', 'कंबरेत उसण भरते का', 'रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येते का' यांना हो म्हणतो. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातले कामगार असतील तर हिंदी प्रत ठेवा, आणि विचारणाऱ्याने ती सगळ्यांना एकाच शब्दांत वाचून दाखवावी.

विचारणारा सुपरवायझर नको, ठेकेदाराचा माणूस तर नकोच. नर्स किंवा बाहेरून आलेली प्रशिक्षित व्यक्ती असावी. खोलीत तिसरं कोणी नको, आणि वेळ कामाच्या तासांतली हवी. जेवणाच्या सुट्टीत किंवा बस सुटायच्या वेळी विचारलं तर सगळी उत्तरं 'नाही' येतात, कारण 'नाही' म्हटलं की लवकर सुटका होते. माणशी 10 ते 12 मिनिटं धरा. अर्जावर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक टाका; क्रमांक आणि नाव जुळवणारी यादी डॉक्टरच्या कपाटात, कुलपात.

वेळापत्रक असं ठेवा: कामावर रुजू होताना पहिली नोंद, मग तिसऱ्या महिन्यात, मग वर्षातून एकदा, आणि काम सोडताना. वार्षिक फेरी दरवर्षी त्याच महिन्यात घ्या. महिनाअखेरच्या डिस्पॅचच्या धावपळीचा आठवडा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा यांची तुलना होऊ शकत नाही. पहिल्यात सगळंच दुखतं, दुसऱ्यात अंग मोकळं झालेलं असतं.

काम सोडतानाची नोंद सगळ्यात जास्त विसरली जाते. ज्यांना झेपलं नाही ते निघून गेलेले असतात आणि लाइनवर उरतात ते काटक. मग सर्वात वाईट स्टेशनचा आकडा सर्वात चांगला येतो. ठेकेदाराची माणसं दर सहा-सात महिन्यांनी बदलतात तिथे हे हमखास घडतं. म्हणून वर्षभरात कोणत्या स्टेशनवर किती माणसं बदलली हा आकडा दुखण्याच्या आकड्याशेजारी लिहा. 4 जागांच्या स्टेशनवर वर्षात 11 माणसं येऊन गेली असतील तर तिथे 'तक्रार शून्य' याला काही अर्थ नाही.

स्टेशन मोजणं

प्रश्नावलीत जी तीन-चार स्टेशनं वर येतील ती आधी घ्या. लागतं काय: मोबाइल, मोजपट्टी, वजनकाटा, लटकवायचा स्प्रिंग काटा, स्टॉपवॉच.

व्हिडिओ कामगाराला सांगून, कामाचा वेग नेहमीचा असताना घ्या. मोबाइल कामगाराच्या बाजूला काटकोनात, कंबरेच्या उंचीवर धरा. तिरकस कोनातून पाठीचा वाक कमी दिसतो आणि गुण चुकतात. किमान 10 सायकल (एक नग पूर्ण होण्याचा एक फेरा म्हणजे एक सायकल) घ्या, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी, आणि एकदा शिफ्टच्या शेवटच्या तासात. सकाळी सरळ उभा असलेला माणूस संध्याकाळी टेबलावर रेलून काम करतो, तेही दिसायला हवं. काम झालं की चेहरा दिसणारा व्हिडिओ पुसून टाका.

काम करताना शरीर कसं वाकतं-वळतं त्याला धोक्याचे गुण देण्यासाठी दोन पद्धती पुरतात. बसून किंवा एका जागी हातांचं काम असेल तर 1993 ची रूला: 1 ते 7 गुण, 5-6 ला लवकर बदल, 7 ला ताबडतोब. उभं राहून, वाकून, उचलून करायचं काम असेल तर 2000 सालची रेबा: 1 ते 15 गुण, 4 ते 7 मध्यम धोका, 8 ते 10 जास्त, 11 पासून पुढे अति. रेबात धड 20 ते 60 अंश वाकलं की 3 गुण, 60 च्या वर 4, त्यात पीळ असेल तर आणखी 1. नेहमीची चूक म्हणजे सायकलमधली सरासरी स्थिती निवडणं. सर्वात वाईट स्थिती आणि सर्वात जास्त वेळ टिकणारी स्थिती, दोन्हींचे गुण वेगवेगळे काढा.

बारीक असेंब्लीत धड सरळ असतं, रेबाचे गुण कमी येतात, आणि तरी मनगटं जातात. तिथे सायकल मोजा. सायकल 30 सेकंदांच्या आत असेल, किंवा निम्म्याहून जास्त वेळ हाताची तीच हालचाल होत असेल, तर काम अति पुनरावृत्तीचं समजा, मग गुण काहीही असोत.

उचलण्याच्या कामाला नायोशचं 1991 चं सुधारित समीकरण वापरा. ही अमेरिकेतली कामगार आरोग्य संशोधन संस्था. सुरुवात 23 किलोंपासून होते आणि परिस्थिती जितकी वाईट तितकं ते वजन खाली येतं. पॅकिंगचं एक उदाहरण सोडवून बघू.

15 किलोंची मुठी असलेली क्रेट. पॅलेटवरून उचलून 90 सेंमी उंच टेबलावर ठेवायची. उचलताना हात जमिनीपासून 15 सेंमीवर, घोट्यांपासून पुढे 40 सेंमी, अंग 45 अंश पिळलेलं. मिनिटाला 2 क्रेट, पूर्ण शिफ्ट.

आडवं अंतर: 25 भागिले 40 = 0.625
उंची: 75 सेंमीपासून 60 चा फरक, 1 वजा (0.003 गुणिले 60) = 0.82
उभा प्रवास: 75 सेंमी, 0.82 अधिक (4.5 भागिले 75) = 0.88
पीळ: 1 वजा (0.0032 गुणिले 45) = 0.856
वारंवारता: तक्त्यातून 0.65
पकड: चांगली, 1

23 ला या सगळ्यांनी गुणलं की सुमारे 5.8 किलो येतात. म्हणजे 15 किलोंची क्रेट शिफारशीच्या 2.6 पट आहे. हा आकडा म्हणजे उचल निर्देशांक. तो 1 च्या वर गेला की धोका वाढत जातो, 3 च्या वर बहुतेकांना इजा संभवते.

आता पॅलेट सिझर लिफ्टवर (वर-खाली होणाऱ्या टेबलावर) घ्या, म्हणजे वरची क्रेट कायम 75 सेंमीवर राहील. टेबल समोर आणा, पीळ शून्य. पॅलेटच्या तिन्ही बाजूंनी जायला जागा ठेवा, आडवं अंतर 30 वर येईल. शिफारस सुमारे 12.5 किलो, निर्देशांक 1.2. क्रेटचं वजन न बदलता एवढा फरक पडतो. आणि क्रेट 12 किलोंची केली तर? इथे सावध राहा: तेवढाच माल हलवायला मिनिटाला 2 ऐवजी 2.5 क्रेट लागतील, वारंवारतेचा गुणक साधारण 0.60 वर घसरेल आणि निर्देशांक जेमतेम 1.04 येईल. वजन 20 टक्के कमी करूनही फायदा तेवढा मिळत नाही. रोलर कन्व्हेयर लावून उचलणंच काढून टाकता आलं तर तो सर्वात चांगला उपाय.

हे समीकरण एका हाताने उचलणं, बसून किंवा गुडघ्यावर बसून उचलणं, निसरडी जमीन यांना लागू होत नाही. ते 19 ते 26 अंश तापमान गृहीत धरतं. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये काढलेला निर्देशांक खऱ्या भारापेक्षा कमी समजा.

ट्रॉलीसाठी स्प्रिंग काटा दांड्याला अडकवून ओढा आणि हलायला सुरुवात होतानाचा आकडा लिहा, मग चालतानाचा. तीच ट्रॉली, तेवढाच माल, आणि ओढ दुप्पट आली तर बहुधा चाकाच्या बेअरिंगमध्ये चिप्स अडकलेल्या असतात किंवा चाकाला सुतळी गुंडाळलेली असते. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तो देखभालीच्या वेळापत्रकात नसतो.

आकडे मांडताना

टक्केवारी स्टेशननिहाय काढा. असेंब्लीच्या एका स्टेशनवर 14 पैकी 6 जणांचा खांदा पहिल्या पातळीत असेल तर 43 टक्के. तपासणीत 40 पैकी 6 असतील तर 15 टक्के. केस दोन्हीकडे सहाच, पण आधी लक्ष असेंब्लीकडे हवं. 10 पेक्षा कमी माणसांचा गट असेल तर टक्केवारी देऊ नका, सारखी कामं एकत्र करा. लहान गटात एका माणसाने आकडा उलटा होतो, आणि कोणाचं दुखतं ते ओळखूही येतं.

नव्या केसचा दर कामाच्या तासांवर काढा: नव्या केस गुणिले 2,00,000, भागिले एकूण तास. 2,00,000 म्हणजे 100 पूर्णवेळ माणसांचे आठवड्याला 40 तासांप्रमाणे 50 आठवडे. 120 माणसं, प्रत्येकी 2,400 तास, म्हणजे 2,88,000 तास. दुसऱ्या पातळीच्या 9 नव्या केस असतील तर दर 6.25. ओव्हरटाइमचे आणि ठेक्याच्या माणसांचे तास खाली धरले असतील तर त्यांच्या केस वर धरल्याच पाहिजेत. तास धरून केस सोडल्या की दर आपोआप सुंदर दिसतो, आणि लेखापरीक्षकाच्याही ते चटकन लक्षात येत नाही.

मोजणी सुरू केल्यावर पहिले सहा महिने आकडे वाढतील. माणसं बोलू लागल्याची ती खूण आहे; व्यवस्थापनाला हे आधीच लेखी सांगून ठेवा. 'शून्य तक्रार महिना' म्हणून मिठाई किंवा बक्षीस देण्याची प्रथा असेल तर ती बंद करा. बक्षीस सगळ्या लाइनचं जातं म्हणून दुखणाऱ्याला शेजारीच गप्प बसवतात.

डॉक्टरकडे कोणी जायचं

तीव्रता 4 किंवा जास्त अशी दोन आठवडे टिकली, हातापायात बधिरपणा आला, किंवा रात्री मुंग्यांनी जाग येते असं सांगितलं की तपासणी. डॉक्टर मनगट 60 सेकंद वाकवून फॅलनची, अंगठ्याच्या बाजूच्या दुखण्याला फिन्कलस्टाइनची, कंबरेला सरळ पाय उचलण्याची चाचणी करतील. हात वर नेताना 60 ते 120 अंशांत खांदा दुखतो का तेही बघतील. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पाऊल उचलता न येणं, कंबरदुखीसोबत ताप: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात पाठवा.

'हलकं काम द्यावे' एवढी चिठ्ठी निरुपयोगी आहे. तिच्यात लिहून घ्या: खांद्याच्या वर हात नेणं नको, 5 किलोंवर उचलणं नको, 3 आठवडे, मग फेरतपासणी. पगार आणि स्टेशनचा भत्ता कापला जाणार नाही हे त्याच कागदावर असावं, नाहीतर पुढचा माणूस येणार नाही.

दुरुस्ती आणि पुन्हा मोजणी

कामाची उंची कोपरावरून ठरवा: हलकं हातकाम उभ्याने करताना कोपराखाली 10 ते 15 सेंमी, जोर लावायचं काम त्याहून खाली, बारीक नजरेचं काम थोडं वर. एकाच टेबलावर उंच पुरुष आणि बुटक्या बायका काम करत असतील तर टेबल उंच माणसाला बसवा आणि इतरांना पायाखाली पाट द्या. टेबल खाली ठेवून उंच माणसाला वाकवू नका. स्क्रू मारायची न्यूमॅटिक (हवेवर चालणारी) गन बॅलन्सरवर, म्हणजे तिचं वजन पेलणाऱ्या टांगणीवर, टांगा. स्क्रू वरून खाली जात असेल तर सरळ गन, समोर आडवा जात असेल तर पिस्तुलासारखी. उलट झालं की मनगट शिफ्टभर वाकलेलं राहतं.

कमरेचे पट्टे वाटू नका. नायोशने 1994 मध्येच सांगितलं आहे की निरोगी कामगाराची इजा पट्ट्याने टळते याला पुरेसा आधार नाही. पट्टा बांधला की उलट जास्त उचलण्याचं धाडस होऊ शकतं.

स्टेशन आळीपाळीने बदलताना तपासा की दोन्हींवर वेगळे स्नायू वापरले जातात का. स्क्रू मारण्यावरून क्लिप दाबण्यावर पाठवलं तर अंगठा आणि मनगट तेच, फक्त जागा बदलते.

बदलानंतर आठवडाभरात तीच रेबा किंवा तोच निर्देशांक पुन्हा काढा, 3 महिन्यांनी त्या स्टेशनची प्रश्नावली पुन्हा घ्या. गुण खाली आले आणि दुखणं तसंच राहिलं तर आधी सायकल टाइम बघा. स्टेशन सुधारलं म्हणून टार्गेट वाढवलं गेलेलं असतं, आणि कमी झालेला भार वेगाने भरून निघतो. म्हणून दुरुस्तीच्या कागदावर बदलाआधीचं ताशी उत्पादन लिहून ठेवा आणि पुढच्या प्रश्नावलीपर्यंत ते तसंच ठेवण्यावर उत्पादन विभागाची सही घ्या.